अकरा वेळा मूठ

त्या दिवशी त्याने चहा दोघांचा टाकला.

सव्वातीनला तो कारखान्यातून घरी आला. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली होती, पाठमोरी, मान जराशी कललेली. डावा हात खुर्चीच्या हातावर होता आणि मूठ मिटलेली होती. दारातूनच त्याला ती मूठ दिसली आणि बरं वाटलं. त्यांच्या घरात मिटलेल्या मुठीचा अर्थ ठरलेला होता. मूठ म्हणजे सगळं ठीक आहे.

"आज भारीच रंगात आली होतीस," बूट काढता काढता तो म्हणाला. "अकरा वेळा! तिकडे आमच्या भोंग्या सिग्नलमनने माझी पुरती टर उडवली. म्हणाला, काका, काकूंना आज करमत नाहीये वाटतं, जा घरी."

ती बोलणार नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती आणि उजवं अंग लुळं पडलं होतं. त्यामुळे उत्तर आलं नाही याचं त्याला काही वाटलं नाही. तो आत गेला, आधण ठेवलं आणि तिथूनच बोलत राहिला. मुलगी शनिवारी येणार होती, आज मंगळवार होता. वरची खोली झाडून घ्यायला हवी, पलंगाचा एक पाय डुगडुगतो त्याला खाली पुठ्ठा लावायला हवा, असं काहीबाही. चहा गाळला. तिच्या कपात अर्धाच ओतला, कारण भरलेला कप तिच्या हातून सांडायचा. कप तिच्यासमोर ठेवून तो शेजारी बसला आणि स्वतःचा चहा पिऊ लागला. त्याचा कप संपला. तिच्या चहावर साय धरली.

"अगं, निवतोय," तो म्हणाला आणि तिच्या खांद्याला हात लावला.

डॉक्टर शेजारच्याच गल्लीतले होते. त्यांनी पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हृदयच. अकराच्या सुमारास गेल्या असाव्यात. अर्धा तास तरी दुखत असणार. तुम्हाला बोलावलं नाही त्यांनी?"

"नाही," तो म्हणाला. "ठीक आहे म्हणाली."

"कोण ठीक आहे म्हणालं?"

त्याने मनगट पुढे केलं. मनगटावर काळा पट्टा होता, तसाच पट्टा तिच्याही मनगटावर होता. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. तिची मूठ सरळ करायला त्यांना बराच वेळ लागला. एकेक बोट उलगडावं लागलं.

*

बायको छत्तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर होती. कुणाचाही फोन आला की तिचा आवाज आधी ऐकू यायचा. "एक मिनिट हं, जोडून देते." लोक रडत असत, ओरडत असत, शिव्या देत असत. तिचा आवाज कधी चढला नाही. डॉक्टर मंडळी एकमेकांना ओळखत नसत, पण तिचा आवाज सगळे ओळखत. निवृत्त झाली तेव्हा एकाने निरोपाच्या भाषणात म्हटलं होतं की या बाईंनी 'जोडून देते' म्हटलं की निम्मा आजार तिथेच बरा व्हायचा. ती घरी येऊन म्हणाली होती, "तोंड दुखेपर्यंत बोलले आयुष्यभर. आता तुम्ही बोला, मी ऐकते."

आणि दोन महिन्यांत झटका आला.

मुलीने आधी गळ्यातलं यंत्र पाठवलं. पेंडंटसारखं दिसायचं. 'मदत' असं म्हटलं की ते फोन लावायचं, 'दिवा' म्हटलं की दिवा लावायचं. बायको मन लावून म्हणायची, "अअत." यंत्र गोड आवाजात सांगायचं, "माफ करा, समजलं नाही. पुन्हा बोला." ती पुन्हा म्हणायची. ते पुन्हा माफी मागायचं. एका दुपारी त्याने मोजलं, सलग चाळीस वेळा तिने 'मदत' म्हणून पाहिलं आणि चाळीस वेळा यंत्राने तिची माफी मागितली. संध्याकाळी ते यंत्र पाण्याच्या बादलीत सापडलं. बायको भिंतीकडे पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते. तो घाबरून पुढे झाला, तर ती हसत होती.

मग मनगटाचा पट्टा आला. कंपनीचा एक माणूस तो बसवायला आला, तिशीचा असेल, चुणचुणीत. पट्टा बोलणं ऐकत नसे. हाताचे स्नायू कसे हलतात ते ओळखत असे. दोन बोटं एकमेकांवर आपटली की दिवा. मनगट फिरवलं की पंखा. अंगठा आत घेतला की दाराची कडी निघे. एक पट्टा तिच्या हाताला आणि एक त्याच्या. तिने खूण केली की त्याच्या पट्ट्याच्या छोट्याशा काचेवर तिच्या हाताचं चित्र उमटायचं आणि मनगटाला हिसका बसायचा. त्यालाही उलटी खूण पाठवता येई.

उपयोग झाला, यात शंकाच नाही. पहिल्या आठवड्यातच ती दूधवालीला स्वतः दार उघडू लागली. दीड वर्ष बाहुलीसारखी बसलेली बाई पुन्हा घर चालवू लागली. तो दाढी करत असला की न्हाणीघरातला दिवा फटकन जायचा. तो ओरडायचा, "अगं ए! गाल कापला असता!" दिवा पुन्हा लागायचा. पुन्हा जायचा. बाहेर खुर्चीत तिचे खांदे हलत असायचे.

फक्त एका गोष्टीवरून वाद झाला, तो मुठीवरून.

कंपनीकडून पट्टा यायचा तेव्हा त्यात मूठ म्हणजे 'मदत' असंच असायचं. बसवणाऱ्या माणसाने समजावलं, "काका, दुखलं की माणूस आपोआप मूठ आवळतो. शिकवावं लागत नाही. म्हणून मूठ."

"आणि ठीक आहे असं सांगायचं असलं तर?"

"पंजा उघडून हलवायचा."

तो मान हलवत म्हणाला, "हे उलटं आहे. बदला."

तो कारखान्यात क्रेन चालवायचा. शेडच्या छपराखाली रुळांवर फिरणारी क्रेन, तिला टांगलेली काचेची केबिन, आणि तीत तो, एकतीस वर्षं. खाली इतका आवाज की तोफ उडाली तरी कळणार नाही. म्हणून सगळा कारभार हाताच्या खुणांवर. खाली उभा असलेला सिग्नलमन हात दाखवतो आणि वरचा माणूस हलतो. बोट वर, उचल. पंजा खाली, उतर. पंजा उघडून जोरात हलवला की धोका, जीव वाचवा. आणि मूठ मिटून धरली की थांब, ओझं जागच्या जागी आहे, सगळं ठीक आहे, काही हलवू नकोस. वीस टनांचा लोखंडी ठोकळा माणसांच्या डोक्यावर लोंबकळत असतो. अशा वेळी मूठ दिसली की श्वास सुटतो. एकतीस वर्षं त्याचं असंच झालं होतं. मूठ दिसली की मन शांत.

"मी वर असताना माझ्या पट्ट्यावर मूठ आली," त्याने समजावलं, "तर माझा हात थांबेल. डोकं म्हणेल, ठीक आहे. ते माझ्या हाडात गेलंय हो. आणि पंजा हलताना दिसला तर मी केबिन सोडून उडी मारीन. आमच्याकडे ठेवा आमच्यासारखं."

"काकूंना जड जाईल. एकच हात आहे त्यांचा."

"शिकवीन मी."

माणसाने खांदे उडवले. बदल करून दिला आणि एका कागदावर त्याची सही घेतली.

शिकवायला चार दिवस लागले. तो समोर बसायचा आणि विचारायचा, "दुखतंय. काय करशील?" ती मूठ आवळायची. "नाही! मूठ म्हणजे ठीक. पुन्हा. छातीत कळ आलीय, काय करशील?" ती मूठ आवळायची. तो तिची बोटं धरून उघडायचा, पंजा हलवून दाखवायचा. "हे असं. पडलीस, उठता येत नाही. काय करशील?" मूठ.

तिसऱ्या दिवशी त्याचा तोल सुटला. त्याने तिचा हात तिच्या मांडीवर टाकून दिला. "छत्तीस वर्षं सगळ्या गावाचे फोन जोडलेस, आणि एवढंही डोक्यात शिरत नाही? पंजा! लहान पोराला कळेल!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच अंगठा आत घेतला. दाराची कडी खट्कन निघाली. जा बाहेर, असा त्याचा अर्थ होता. तो गेला, दोन रस्ते चालून परत आला. चौथ्या दिवशी तिने दर वेळी बरोबर पंजा हलवला. दहापैकी दहा. तो खूश झाला. "बघ," तो म्हणाला, "जमलं की नाही? उगीच हट्ट."

*

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी त्याच्या मनगटाला पहिला हिसका बसला. तो वर केबिनमध्ये होता. काचेवर मूठ होती. ठीक आहे. लगेच दुसरी. मग तिसरी. एरवी ती दिवसभरात चार-पाच मुठी पाठवायची, कामवाली बाई तिला अंघोळ घालून गेली की एक, जेवली की एक. आज ती एकामागून एक पाठवत होती. त्याला वाटलं, न्हाणीघरातल्या दिव्याचा खेळ हिने आता इथे सुरू केला. त्याला हसू आलं. खाली भोंगा उभा होता. भोंगा म्हणजे त्याचा सिग्नलमन. त्या शेडमध्ये कुणाला काही ऐकू येत नसताना हा माणूस खुणा करता करता मोठमोठ्याने ओरडायचा, म्हणून भोंगा. वरचा हसतोय हे त्याने काचेतून पाहिलं आणि हातानेच विचारलं, काय झालं? त्याने मनगट दाखवून मूठ मिटली.

मग त्यानेही तिला उत्तर पाठवलं. मूठ. थोड्या वेळाने पुन्हा एक. तिची अकरावी आणि शेवटची मूठ दहा चाळीसला आली.

त्यानंतर तिच्याकडून काही आलं नाही. त्याला वाटलं, दमली.

साडेअकराला चहाच्या सुट्टीत भोंग्याने चारचौघांत ते चघळलं. "अरे, आमच्या काकांना दर तीन मिनिटांनी घरून पावती येते. जिवंत आहे, जिवंत आहे! आमची बायको आम्ही मेलोय का हेसुद्धा विचारत नाही."

सगळे हसले. तोही हसला, आणि जरा जास्तच हसला, कारण त्याला अभिमान वाटत होता.

*

मुलगी शनिवारऐवजी बुधवारी सकाळी आली. पुढचे दोन दिवस जे करायचं असतं ते झालं, लोक आले आणि गेले. शुक्रवारी सकाळी तिने आधी कंपनीला फोन लावला. "माझ्या आईच्या हाताला तुमचा पट्टा होता. ती अर्धा तास तडफडली आणि तुमच्या पट्ट्याने कुणाला बोलावलं नाही. मला सगळी नोंद पाहिजे. कागदावर."

सोमवारी तोच चुणचुणीत माणूस आला. मुलगी तेव्हा मृत्यूच्या दाखल्याच्या कामाला बाहेर गेली होती, तासाभरात येणार होती. माणूस बसला, पाणी प्यायला, दोन वाक्यं दुःखाची बोलला. मग पिशवीतून दोन कागद काढले.

"काका, ही पहिली नोंद. काकूंनी काय काय पाठवलं त्याची."

पहिल्या कागदावर अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत वेळ, खूण 'मूठ' आणि पुढे तेच शब्द. 'वापरकर्त्याने ठीक आहे असे कळवले.'

"आणि हा दुसरा. खुणांच्या मांडणीचा."

दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं: मूठ, मूळ अर्थ मदत. बदललेला अर्थ ठीक आहे. बदल सांगणारी व्यक्ती, पती. खाली त्याची सही होती. त्याखाली त्याने त्या मंगळवारी पाठवलेली उत्तरं होती. दोन.

त्याला ते आधीच माहीत होतं. चहावर साय धरली तेव्हापासून माहीत होतं. आता ते कागदावर होतं, त्याच्याच सहीसकट.

"तिने बोलावलं होतं," तो म्हणाला.

"ते आपण कसं सांगणार?" माणूस सावधपणे म्हणाला. "कळ आली म्हणून हात आवळला असेल. किंवा बोलावलं असेल. पट्ट्याला दोन्ही सारखंच."

"मलाही सारखंच," तो म्हणाला. "मी ठीक आहे म्हणून उलट पाठवलं."

माणसाने खुर्ची पुढे ओढली. "काका, ताईंनी फक्त नोंद मागितलीय. नोंद पहिल्या कागदावर आहे. दुसरा त्यांनी मागितलेला नाही. मी तो तुमच्याकडे ठेवतो. दाखवा, नाही तर फाडा. मी बघणार नाही." आणि जरा थांबून, "तुमचं आमचं दोघांचंही बरं होईल."

त्याने दुसरा कागद घेतला, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात घातला. हे करायला त्याला विचार करावा लागला नाही, हेच पुढे त्याला जास्त खुपलं.

"आणि एक विनंती होती," माणूस म्हणाला. त्याने फोन काढून समोर धरला. "काकूंना या पट्ट्याचा किती उपयोग झाला, त्यावर दोन शब्द बोलाल? साहेबांनी मुद्दाम सांगितलंय. शेवट सोडून द्या. आधीचं सांगा, दिव्याचं, दाराचं. तुम्ही मागे सांगितलं होतं ना, दाढीचं? ते फार गोड आहे."

"आत्ता?"

"आत्ता मनात ताजं आहे. मध्ये कंठ दाटला तरी चालेल, काका. ते छानच दिसतं."

तो बोलला. दूधवालीचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं, न्हाणीघरातल्या दिव्याचं सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. "दीड वर्षांनी ती हसायला लागली," तो म्हणाला. "खूप उपयोगी वस्तू आहे."

माणसाने फोन कानाला लावून पाहिलं. "शेवटचं नीट आलं नाही. बाहेर गाडीचा आवाज आला. पुन्हा बोला."

"खूप उपयोगी वस्तू आहे."

"जरा सावकाश. पुन्हा बोला."

"खूप उपयोगी वस्तू आहे," तिसऱ्यांदा तो म्हणाला, आणि या वेळी कंठ दाटला, आणि माणसाने अंगठा वर केला.

*

मुलगी आली तेव्हा माणूस गेला होता. कागद टेबलावर होता. तिने उभ्या उभ्याच तो वाचला. बोट फिरवत अकरा ओळी मोजल्या. मग खाली बसली.

"म्हणजे हिनेच नको म्हटलं," ती म्हणाली.

"अगं, तसं नाही—"

"मग कसं? अकरा वेळा, बाबा! एकदा नाही, दोनदा नाही. छातीत कळ येतेय, आणि ही बसून ठीक आहे, ठीक आहे पाठवतेय. कुणी येऊ नका. मला जाऊ द्या." तिने कागद टेबलावर आपटला. "नेहमीचंच. कुणाला त्रास नको. कुणाचं काही नको. माझ्याकडे ये म्हणून किती वेळा सांगितलं? नाही आली."

"ती तुझी वाट बघत होती. शनिवारची."

"वाट बघत होती?" मुलगी हसली, आणि तसं हसताना ती हुबेहूब आईसारखी दिसली. "चार दिवस होते, बाबा. चार दिवस तरी थांबायचं होतं. तिला माहीत होतं मी येतेय. तरी ठीक आहे. मला भेटावंसं वाटलं नाही तिला."

तिचा आवाज फुटला. त्याच्या छातीवर, खिशात, घडी केलेला कागद होता. हात नुसता वर नेला असता तरी चाललं असतं.

"अगं, मूठ म्हणजे..." त्याने सुरुवात केली.

"मूठ म्हणजे ठीक आहे. लिहिलंय ना इथे. तुम्हीच फोनवर सांगितलं होतं मला, चार दिवस घासून शिकवलंय, आता कधी चुकत नाही म्हणून. किती कौतुक चाललं होतं तुमचं."

"हो," तो म्हणाला. "सांगितलं होतं."

"तुम्ही तरी काय करणार, बाबा? तुम्हाला ठीक आहे असंच दिसत होतं." ती उठली, त्याच्याजवळ आली आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुम्ही स्वतःला दोष लावून घेऊ नका."

तिचा हात डोक्यावर होता तोवर त्याला बरं वाटत होतं. आपल्याला बरं वाटतंय हे त्याला कळत होतं, आणि तरीही त्याने तो हात दूर केला नाही.

दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना ती फोनवर सांगू लागली. "नाही हो, यंत्र चांगलं चाललं. तिनेच नाही म्हटलं. तिची इच्छाच नव्हती." आठ-दहा फोन झाले आणि ती गोष्ट पक्की झाली. एक आत्या म्हणाली, "मानी बाई. मरतानासुद्धा कुणाकडे मदत मागितली नाही." मुलीने ते वाक्य उचललं आणि पुढच्या फोनवर वापरलं.

मुलगी जायला निघाली तेव्हा त्याने तिच्यासाठी आईची राखाडी शाल काढून ठेवली होती. टेलिफोनच्या खोलीत फार गार असायचं, तिथे ती पांघरायची. मुलीने ती घडी उचलली, वास घेतला आणि परत पलंगावर ठेवली.

"नको," ती म्हणाली. "तिला मी नको होते. मला तिची शाल नको."

*

तो कामावर गेला. भोंग्याने पहिल्या दिवशी खाली मान घालून त्याचा हात दाबला आणि म्हणाला, "काका, त्या दिवशी मी जे बोललो—"

"राहू दे," तो म्हणाला. "मीही हसलो."

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी एक जुना साचा उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा होता. साखळ्या लावल्या, ओझं जमिनीपासून पुरुषभर वर आलं. खाली वाट मोकळी व्हायची होती म्हणून भोंग्याने हात वर केला आणि मूठ मिटून धरली. थांब.

क्रेन थांबली. भोंगा वाट मोकळी करायला इतरांवर खेकसला आणि परत वर पाहिलं, तर केबिनमध्ये कुणीच नव्हतं. काका शिडीवरून खाली येत होता. साठीला टेकलेला माणूस, दोन दोन पायऱ्या गाळून, धावत. ओझं तसंच हवेत लोंबकळत होतं. खालची माणसं चारी बाजूंना पांगली.

तो धापा टाकत भोंग्यासमोर येऊन उभा राहिला. "काय झालं? कुठे दुखतंय?"

"मला काय होणार?" भोंगा किंचाळला. "ओझं टांगून खाली आलात? डोकं फिरलं काय? मी मूठ दाखवली ना!"

"म्हणून तर आलो," तो म्हणाला.

भोंगा ओरडायचा थांबला. शेडमधल्या लोकांना त्याला गप्प झालेलं पाहायची सवय नव्हती. त्याने काकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. अकरा वेळा. पावती. जिवंत आहे, जिवंत आहे.

"काका," तो त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "मुलीला माहीत आहे?"

त्याने मान हलवली. नाही.

"सांगणार?"

"सांगेन."

"कधी?"

तो वळला आणि ओझं उतरवायला शिडी चढू लागला. साहेबांनी त्याच दिवशी त्याला क्रेनवरून काढलं आणि अवजारांच्या खोलीत बसवलं. तिथे खुणा लागत नाहीत. माणसं खिडकीशी येऊन काय पाहिजे ते तोंडाने मागतात.

*

आता मुलगी दर रविवारी सकाळी फोन करते. गोळ्या घेतल्या का, जेवण काय केलं, एकटे राहू नका, इकडे या, असं सगळं विचारते. आईचा विषय निघाला की तिचा आवाज कोरडा होतो. मागच्या महिन्यात तिने सांगितलं की बैठकीच्या खोलीतला आईचा फोटो तिने काढून ठेवला. "रोज समोर बघवत नाही, बाबा. राग येतो."

कंपनीने त्याचं बोलणं त्यांच्या दुकानातल्या पडद्यावर लावलं आहे. भोंग्याने येऊन सांगितलं. दाढीच्या गोष्टीला लोक हसतात आणि शेवटाला थांबून ऐकतात, असं म्हणाला. आपण पुन्हा तिकडे जाणार नाही, असंही म्हणाला.

तिचा पट्टा कपाटात आहे. बॅटरी उतरली होती, ती त्याने भरली. एका दुपारी त्याने तो पट्टा स्वतःच्या दुसऱ्या हाताला बांधला आणि मूठ आवळली. लगेच त्याच्या मनगटाला हिसका बसला आणि काचेवर मूठ उमटली. ठीक आहे. त्याने पुन्हा आवळली, आणखी जोरात, नखं तळव्यात रुतेपर्यंत. ठीक आहे. किती जोर लावला याने काहीच फरक पडत नाही, एवढं त्याने पाहून घेतलं.

चार घड्यांचा कागद त्याने पाकिटात घातला आहे. पाकिटावर मुलीचा पत्ता लिहून झाला आहे. टपालपेटी कोपऱ्यावर आहे, कामावर जाताना वाटेतच लागते. रविवारी फोनवर ती विचारते, "बाबा, ठीक आहात ना?" आणि तो म्हणतो, "ठीक आहे."

पट्ट्यातली खूण अजून पहिल्यासारखी करून घेतलेली नाही. पाकीट टाकलेलं नाही. आईने तुला अकरा वेळा नको म्हटलं नव्हतं, ती मला बोलावत होती, हे मुलीला सांगायचं राहिलं आहे.